बावीस मोहोरबंद बाटल्या

एक

मंगळवारी सकाळी सरकारी प्रयोगशाळेतल्या रसायनतज्ज्ञानं हातातला निकाल तिसऱ्यांदा वाचला, उठून दाराला आतून कडी घातली आणि संचालकांना फोन लावला.

"साहेब, निकाल फार चांगले आलेत," तो म्हणाला. "नको इतके चांगले."

तासाभरात त्याच्यासमोर एक ठेंगण्या, पिकल्या केसांच्या बाई येऊन बसल्या. पायांत जाड तळाचे बूट, खांद्याला चामडी पिशवी. भेसळ निरीक्षक. एकतीस वर्षं त्यांनी डेअऱ्यांच्या टाक्या आणि दूधवाल्यांचे कॅन हुंगले होते. दुधात पाणी किती आणि कुठल्या विहिरीचं, हेसुद्धा बाई वासावरून सांगतात, असं खात्यात बोललं जायचं. पाठीमागे सगळे त्यांना 'लॅक्टोमीटर' म्हणत. बाईंना ते ठाऊक होतं आणि मनातून आवडायचंही.

"गाईचं की म्हशीचं?" वही उघडत त्यांनी विचारलं.

"आईचं," रसायनतज्ज्ञ म्हणाला.

बाईंचं पेन कागदावर टेकलं ते तिथंच थांबलं.

त्यानं थोडक्यात सांगितलं. गावाच्या खालच्या अंगाला जी वस्ती आहे, तिच्या शेजारी तव्यांवर न चिकटणारा लेप चढवणारा कारखाना आहे. लेपाच्या कामातलं एक रसायन तिथून जमिनीत मुरलं, जमिनीतून विहिरीत आलं आणि विहिरीतून वस्तीच्या नळाला. ते कुजत नाही, सडत नाही, पाणी उकळून जात नाही. चार महिन्यांपूर्वी वस्तीतल्या बावीस बाळंतिणींचं दूध तपासलं, तेव्हा ते प्रत्येकीच्या दुधात सापडलं. बोंबाबोंब झाली. कारखान्यानं घाईघाईनं विहिरीवर फिल्टर बसवला. आता त्याच बावीसजणींच्या दुधाची दुसरी फेरी झाली होती आणि बावीसच्या बावीस बाटल्या स्वच्छ होत्या. शुक्रवारी आरोग्य मंडळापुढं सुनावणी. कारखाना हेच निकाल पुढं करणार आणि प्रकरण मिटवा म्हणणार.

"मग फिल्टर चालतोय म्हणा की," बाई म्हणाल्या.

"फिल्टर विहिरीला लावलाय बाई, बायकांना नाही. हे रसायन एकदा अंगात गेलं की वर्षानुवर्षं मुक्काम ठोकून बसतं. पाजणाऱ्या बाईच्या अंगातलं थोडं कमी होतं, पण ते बाळाकडे जातं म्हणून. चार महिन्यांत सगळ्याजणी एकदम लख्ख होणं शक्यच नाही." त्यानं कागद बाईंकडे सरकवला. "आणि हे बघा. अगदी शून्य कुणीच नाही. चिमूटभर सगळ्यांत आहे. पण प्रत्येकीत तेवढंच, केसाचाही फरक नाही."

"बाटल्या बदलल्या."

"तिथंच तर घोडं अडतंय." त्यानं एक रिकामी बाटली पुढं ठेवली. जाड पांढरं प्लास्टिक, आतलं काही न दिसणारं. "झाकणावरून खाली अशी कागदी पट्टी चिकटवतात. आई त्यावर सही करते, अर्धी पट्टीवर, अर्धी बाटलीच्या लेबलवर. पट्टी जरा हलली तर सही जुळत नाही. बावीसच्या बावीस पट्ट्या मी स्वतः फाडल्या. सगळ्या शाबूत होत्या. सह्याही पहिल्या फेरीशी ताडून पाहिल्या."

"म्हणजे बाटली खरी, मोहोर खरी, सही खरी आणि दूध खोटं."

"दूधही खरंच आहे," रसायनतज्ज्ञ म्हणाला. "बाईच्याच अंगचं आहे, तेवढं मी तपासलंय. फक्त ते ह्या बायांचं नाही."

दोन

बाईंनी उरलेलं दूध मागितलं. दोन्ही फेऱ्यांचं थोडं थोडं शीतकपाटात गोठवून ठेवलेलं होतं. पहिल्या फेरीतल्या पाच बाटल्या वितळल्यावर त्यांनी एकेक नाकाशी नेली.

"साबणाचा वास येतोय."

"आईचं दूध साठवलं की येतो. खराब नसतं ते. दुधातलाच एक पाचक रस स्निग्धांश फोडत राहतो, त्याचा वास."

मग दुसऱ्या फेरीतल्या पाच. बाईंनी पाचही हुंगल्या, परत पहिलीपासून हुंगल्या आणि खाली ठेवल्या.

"यात नाही."

रसायनतज्ज्ञानं स्वतः वास घेऊन पाहिला. त्याच्या लक्षात हे आलंच नव्हतं. त्याचं सगळं काम यंत्रावर चालायचं.

"फॅटचे आकडे काढून द्या," बाई म्हणाल्या. "सगळ्यांची, दोन्ही वेळची. आम्ही डेअरीत आधी तेच करतो."

दुपारी आकडे आले. पहिल्या फेरीत कुणाचं दूध पाण्यासारखं पातळ, कुणाचं सायीसारखं दाट, बावीसजणींचे बावीस प्रकार. दुसऱ्या फेरीत सगळ्यांचा आकडा एकच.

"एका बाईचं दूधसुद्धा सकाळी एक आणि संध्याकाळी दुसरं असतं," बाई म्हणाल्या. "हे एकाच भांड्यातलं आहे. पुष्कळजणींचं एकत्र केलेलं. आणि तापवलेलं. कच्च्या दुधातला तो रस तापवला की मरतो, मग वास सुटत नाही. पण वाटेल तसं उकळलेलंही नाही, नाहीतर चव, रंग, सगळं बिघडलं असतं. कुणीतरी हिशेबात तापवलंय. ठरलेल्या उष्णतेवर, ठरलेला वेळ."

"असं एकाच ठिकाणी होतं," रसायनतज्ज्ञ हळूच म्हणाला. "इस्पितळाच्या दूधपेढीत. ज्यांना जास्त दूध येतं अशा बायका तिथं देतात. ते एकत्र करून, तापवून, अपुऱ्या दिवसांच्या बाळांना पाजतात."

"देणाऱ्या कुठल्या असतात?"

"बहुतेक वरच्या भागातल्या. त्यांना पाणी टेकडीमागच्या तलावाचं येतं."

बाईंनी वही मिटली. दूधपेढी त्यांना चांगली माहीत होती. दीड महिन्यापूर्वी त्यांची लेक तिथंच बाळंत झाली होती. बाळ दोन दिवस अंगावर पीत नव्हतं, लेक रडकुंडीला आली होती. तेव्हा दूधपेढीच्या मुख्य सिस्टर, ज्यांना सगळं इस्पितळ 'माई' म्हणतं, दोन दिवस तिच्या उशाशी बसल्या आणि बाळ प्यायला लागल्यावरच घरी गेल्या.

आणि वस्तीत जाऊन दोन्ही वेळा दूध गोळा केलं होतं ते माईंनीच.

तीन

बुधवारी सकाळी बाईंनी व्हॅनच्या ड्रायव्हरला गाठलं. वस्तीतून प्रयोगशाळेपर्यंत बाटल्या त्यानंच नेल्या होत्या. त्याचा मेहुणा कारखान्यात फोरमन होता आणि दुसऱ्या फेरीच्या शेवटच्या दिवशी व्हॅन पाऊण तास उशिरा पोचली होती. बाईंना पाहताच तो बचावाच्या पवित्र्यात उभा राहिला.

"पंक्चर झालं होतं, मॅडम. दुकानदाराला विचारा. आणि मेहुण्याचं म्हणाल तर आमचं गेलं वर्षभर बोलणं नाही."

"मी पंक्चरचं विचारलंच नाही. त्या दिवशी नेहमीपेक्षा वेगळं काय होतं, ते सांगा."

तो डोकं खाजवत राहिला. "वेगळं असं काही नाही. जाताना खोकं जड होतं. मी म्हटलंसुद्धा, रिकाम्या बाटल्यांचं एवढं ओझं? तीनही दिवस तसंच. शिवाय गरम पाण्याचा मोठा थर्मास होता. माई म्हणाल्या, बायकांना शेकायला लागतं."

"खोकं कोण भरतं?"

"पेढीत भरून ठेवलेलं असतं. मी फक्त उचलतो."

पेढी इस्पितळाच्या मागच्या बाजूला होती. तीन खोल्या, फरशी इतकी स्वच्छ की पाय ठेवायला संकोच वाटावा. तिथले डॉक्टर उंच आणि घाईतले होते. पेढीला नवी इमारत हवी होती आणि ती बांधून द्यायचं कारखान्यानं कबूल केलं होतं. तिचा नकाशा भिंतीवरच लावलेला होता. बाईंनी नकाशाकडे पाहिलं, डॉक्टरांनी बाईंकडे.

"तुम्हाला काय वाटतंय ते कळतंय मला," डॉक्टर म्हणाले. "इमारत हवी म्हणून मी बाळांना विष पाजीन?"

"मला अजून काहीच वाटत नाही. वही दाखवा."

वहीत प्रत्येक मिश्रणाला क्रमांक होता. कुणाचं दूध, कधी तापवलं, कुणाला पाजलं. एकसष्टाव्या क्रमांकापुढं लाल शाईत एकच ओळ होती: जंतू आढळले, टाकून दिले. खाली डॉक्टरांची सही. तारीख दुसऱ्या फेरीच्या आदल्या दिवसाची.

"जंतूंचा अहवाल?"

डॉक्टरांनी फाइल काढली. एकसष्टचा अहवाल सापडला. त्यांनी तो वाचला, पाठपोट करून पाहिला आणि खुर्चीवर टेकले.

"जंतू नव्हते," ते म्हणाले.

"तरी सही तुमची आहे."

"दिवसाला चाळीस सह्या करतो मी. समोर येईल त्यावर करतो." त्यांचा चेहरा उतरला होता. "पण गोळा करायच्या तीनही दिवशी मी इथं नव्हतो. बाहेरगावी परिषदेला होतो. वाटल्यास चौकशी करा."

बाईंनी तिथूनच फोन करून चौकशी केली. डॉक्टर खरंच तीनही दिवस परिषदेत होते. पण त्यानं फार काही सिद्ध होत नव्हतं. दूध त्यांनी आधीच काढून कुणाच्या हाती दिलं असेल, तर?

चार

वस्तीतल्या शाळेच्या एका वर्गात दूध गोळा केलं होतं. मध्ये एक पडदा. पडद्याच्या आत माई आणि एका वेळी एक आई. बाहेर व्हरांड्यात कारखान्याच्या कल्याण अधिकारी टेबल टाकून बसल्या होत्या आणि प्रत्येक आईला टॉवेल, बाळाचा साबण वगैरे भेट देत होत्या. हे बाईंना वस्तीतल्या एका शिंपिणीनं सांगितलं. ती मशीन चालवता चालवता बोलत होती आणि तिचं आठ महिन्यांचं बाळ चिंध्यांच्या ढिगात बसून रीळ चावत होतं.

"तुमची बाटली सहज भरली?" बाईंनी विचारलं.

शिंपीण हसली. "कुठली भरतेय. ह्या लबाडानं पाचच मिनिटं आधी पिऊन घेतलेलं. पंप लावून हात दुखायला लागले, पण भांड्याचा जेमतेम तळ ओला झाला. मलाच कानकोंडं झालं. माई म्हणाल्या, राहू दे गं, पुरे एवढं. मग त्यांनी पाठमोरं होऊन बाटलीत ओतलं, झाकण लावलं, पट्टी लावली आणि मी सही केली."

"बाटली तुमच्या हातात होती?"

"नाही, माईंनीच धरली होती. म्हणाल्या, तू सही कर फक्त."

बाईंनी वहीतला एक आकडा पाहिला. शिंपिणीच्या नावाची बाटली प्रयोगशाळेत गळ्यापर्यंत भरलेली पोचली होती.

म्हणजे ड्रायव्हर सुटला, प्रयोगशाळा सुटली. व्हरांड्यातल्या कल्याण अधिकारीही सुटल्या. पट्टी लागायच्या आधीच आत दुसरं दूध गेलं होतं, म्हणून पट्ट्या शाबूत होत्या. खोकं जड होतं ते त्याच दुधानं, आणि थर्मासमधलं गरम पाणी होतं ते कोमट करायला. पडद्याच्या आत हात होते फक्त माईंचे.

बाईंना उठवेना. त्यांनी उगाचच खोलीभर नजर फिरवली. मशीनशेजारच्या फळीवर बाळाच्या दुधाच्या भुकटीचे तीन डबे होते, एकाचं झाकण उघडं.

"तुम्ही भुकटी देता?"

"मधे देत होते. पहिला निकाल आला तेव्हा घाबरले ना. अकराजणींनी पाजायचं सोडलं. मी पंधरा दिवसांत परत सुरू केलं, कारण ह्याला ते पचेचना, नुसते जुलाब. बाकीच्यांनी नाही केलं. दुसऱ्या वेळी पंपाला त्यांचे चार-चार थेंब आले तेवढेच." तिनं मशीन थांबवलं. "कोपऱ्यावरच्या घरातलं बाळ गेलं त्यात. साडेतीन महिन्यांचं होतं. दोन दिवसांत गेलं."

"डबे कुणी दिले?"

"कारखान्याच्या बाईंनी. फुकट. घरोघरी येऊन म्हणाल्या, तुमच्या दुधात विष निघालंय, बाळाला अंगावर घेऊ नका. त्यांनी आधी सांगितलं म्हणून तरी कळलं आम्हाला."

"आधी म्हणजे कधी?"

"सोमवारी. माई निकाल समजवायला बुधवारी आल्या. त्या म्हणत होत्या, सोडू नका, तरीही आईचंच दूध बरं, पाणी बदलू आपण. पण तोवर आमच्यातलं कोण ऐकतंय? एक बाई म्हणाली, तुम्ही पेढीवाल्या, तुम्हाला दुधाची पडलीय. माईंना म्हणाली असं."

बाई बाहेर आल्या. कोपऱ्यावरच्या घराचं दार बंद होतं. खिडकीच्या कट्ट्यावर दूध पाजायची एक बाटली धुऊन पालथी घातलेली होती.

पाच

कारखान्याच्या कल्याण अधिकारी बोलायला फार गोड होत्या. त्यांनी चहा मागवला. डब्यांचं विचारल्यावर त्यांनी आठवल्यासारखं केलं.

"आम्ही मदतच केली ना, मॅडम. आयांना पर्याय नको का?"

"निकाल आयांना बुधवारी सांगितले. तुम्ही सोमवारी कसे सांगितलेत?"

"प्रकरणात पक्षकार म्हणून प्रत आम्हाला आधी मिळाली होती. कायदेशीर आहे ते."

"प्रत मिळणं कायदेशीर आहे. 'गोपनीय' शिक्क्याची प्रत घरोघरी जाऊन सांगणं कुणाचं काम होतं?"

कल्याण अधिकारींनी कपाच्या कडेवरून बोट फिरवलं. "माझं काम लोकांत विश्वास निर्माण करायचं आहे. वस्तीत सगळे विहीर, विहीर करत होते. मला वरून सांगितलं होतं की बोलणं विहिरीवरून हलवा."

"आणि तुम्ही ते बायांच्या छातीवर नेलंत."

त्यांनी कप बाजूला सरकवला.

निघता निघता बाईंनी विचारलं, "फिल्टर लावल्यावर पाणी कुणी तपासलं?"

"गरजच काय, मॅडम? दूधच स्वच्छ आलंय आता." त्यांचा चेहरा परत गोड झाला. "याहून मोठा पुरावा कुठला?"

बाटल्यांबद्दल ह्या बाईला काही माहीत नाही, हे निरीक्षकबाईंना तेवढ्यावरून कळलं. आयतं घबाड हाती लागलेल्या माणसाचा आनंद होता तो. आणि त्याच क्षणी त्यांना हेही कळलं की माईंनी काय करून ठेवलंय.

संध्याकाळी घरी लेक बाळाला पाजत बसली होती. आईचा चेहरा बघून तिनं टीव्ही बंद केला.

"काय झालं?"

"माई कशा वाटल्या तुला?"

"हे काय विचारणं झालं? माई नसत्या तर मी दुसऱ्याच दिवशी हात टेकले असते." ती थांबली. "आई, माझंही दूध तपासावं लागेल का?"

"तपासलं तर थोडं सापडेलच. सगळ्यांच्यात सापडतं आता. पाजत राहा तू," बाई म्हणाल्या आणि उठून चुलीकडे गेल्या. आपण माईंचीच भाषा बोलतोय, हे त्यांच्या लक्षात आलं होतं.

सहा

गुरुवारी दुपारी पेढीत माई एकट्याच होत्या. उकळून काढलेल्या बाटल्या फडक्यावर मांडत होत्या. साठीच्या जवळ पोचलेल्या, अंगानं स्थूल, हात मात्र चपळ.

"नातू कसाय?" त्यांनी विचारलं.

"चांगलाय. माई, एकसष्ट नंबर कुठं गेलं?"

माईंचे हात थांबले नाहीत. त्यांनी ओळीतली शेवटची बाटली ठेवली, फडकं सारखं केलं, मग बसल्या.

"तुम्ही आलात म्हणजे कळणारच होतं," त्या म्हणाल्या. "डॉक्टरांना काही माहीत नाही. त्यांना मी सहीसाठी दहा कागदांत घालून दिलं."

"शिंपिणीचं दूध तळाला चिकटलेलं होतं. तुम्ही बाटली गच्च भरलीत."

"घाईत होते. पुढची आत येत होती." त्या खिन्न हसल्या. "चोरीची सवय नाही हो."

"कशासाठी केलंत?"

"ते बाळ गेलं तेव्हा मी तिथं होते." माई सावकाश बोलत होत्या. "सात किलोचं गुटगुटीत पोर. आईचं दूध भरून वाहत होतं, कपडे भिजत होते तिचे, आणि पोराच्या तोंडात ती बाटली. मी दारोदार फिरले. हात जोडले. सांगितलं, दुधात ते रसायन आहे हे खरं, पण त्याच दुधात तुमच्या बाळाला जगवायचं बळ आहे. एकीनं दार लावून घेतलं तोंडावर. मग मला वाटलं, कागदावर एकदा 'स्वच्छ' आलं की या सगळ्याजणी परत पाजायला लागतील. माझं सांगणं ऐकत नाहीत, तर कागदाचं ऐकतील. तीस वर्षांत मी एक थेंब इकडचा तिकडं केला नव्हता. तो केला."

बाईंच्या हातून आजवर कितीतरी भेसळवाले पकडले गेले होते. रडणारे, धमक्या देणारे, पाया पडणारे. एकाचंही कारण त्यांना पटलं नव्हतं.

"माई, त्या बाळाची भुकटी कुठल्या पाण्यात कालवली होती?"

"नळाच्याच. दुसरं कुठलं?"

"त्याच विहिरीच्या. उद्या कारखाना तुमच्या बाटल्या दाखवून सांगणार की विहीर स्वच्छ झाली. फिल्टर कुणी तपासलेला नाही, कारण तुमचं दूध स्वच्छ आलं. तुमच्या एकसष्ट नंबरनं विहिरीला दाखला दिलाय, माई. पुढली सगळी बाळं तेच पाणी पिणार. पाजणाऱ्या आयासुद्धा तेच."

माईंचा चेहरा हळूहळू बदलत गेला. फडक्यावरच्या एका बाटलीला त्यांचा हात लागला, ती कलंडली, आणि ती सरळ करायचंही त्यांना सुचलं नाही.

"मी विहिरीचा विचारच केला नाही," अखेर त्या म्हणाल्या. "मला फक्त पोरं दिसत होती."

"अहवालात मी तुमचं नाव घालणार आहे. सगळं लिहिणार आहे, का केलंत तेही. नोकरी जाईल तुमची."

"निवृत्तीला आठ महिने राहिलेत." माईंनी डोळे पुसले. "जाऊ दे. पण आधी मला वस्तीत न्या. उद्या मंडळासमोर कळण्याआधी त्यांना माझ्या तोंडून कळू दे."

सात

त्याच शाळेच्या वर्गात संध्याकाळी बावीसपैकी एकोणीसजणी आल्या. माई उभ्या राहिल्या आणि जे केलं ते जसंच्या तसं सांगितलं. मग कल्याण अधिकारींनी सोमवारी घरोघरी निकाल का सांगितला, ते निरीक्षकबाईंनी सांगितलं. वर्गात गलका झाला. "फसवलंत आम्हाला," एकजण ओरडली. दुसरी रडायला लागली. शिंपीण बाळाला घट्ट धरून खाली बघत बसली.

दाराशी कोपऱ्यावरच्या घरातली बाई उभी होती. ती कधी आली, कुणी पाहिलं नव्हतं. ती बोलायला लागली तसा आवाज आपोआप खाली आला.

"मी पाजत राहिले असते, तर?"

निरीक्षकबाईंना वाटलं, माई आता काहीतरी मऊ बोलतील. इतक्या वर्षांत त्यांनी हजारो बायकांची समजूत काढली होती.

"तर बहुतेक ते जगलं असतं," माई म्हणाल्या.

ती बाई तशीच उभी राहिली.

"सगळ्यांनी मला सांगितलं की माझी चूक नाही, देवाची मर्जी," ती म्हणाली. "खरं काय ते कुणीच सांगेना. आता कळलं, दूध सोडायला कुणी लावलं ते." मग निरीक्षकबाईंकडे वळून तिनं विचारलं, "सुनावणी किती वाजता आहे?"

शुक्रवारी मंडळाच्या दालनात कारखान्याचे वकील फायली रचून तयार होते. रसायनतज्ज्ञानं फॅटचे आकडे ठेवले, निरीक्षकबाईंनी एकसष्ट नंबरची वही ठेवली, माईंनी उभं राहून गुन्हा कबूल केला. वकील ताडकन उठले.

"म्हणजे सगळी तपासणीच संशयास्पद ठरते. पहिली फेरीसुद्धा याच सिस्टरनी गोळा केली होती."

मंडळाच्या अध्यक्षांनी माईंकडे पाहिलं, मग कागदांकडे. क्षणभर पारडं दुसऱ्या बाजूला झुकतंय असं वाटलं. निरीक्षकबाई उठल्या.

"पहिल्या फेरीत बावीसजणींची फॅट बावीस तऱ्हेची आहे आणि दूध कच्चं आहे. ते बदललेलं नाही. तरी शंका असेल तर बाटल्या बाजूला ठेवा. विहीर जागेवर आहे. फिल्टरच्या पलीकडचं पाणी आज, आत्ता, सगळ्यांसमोर भरून घ्या."

वकिलांनी मुदत मागितली. तेव्हा मागच्या बाकावरून कोपऱ्यावरच्या घरातली बाई पुढं आली. तिला कुणी बोलावलं नव्हतं, पण अडवलंही नाही.

"साहेब, पाणी तपासायला मुदत कशाला लागते?" तिनं विचारलं.

अध्यक्षांनी वकिलांकडे पाहिलं. मग त्यांनी मुदत नाकारली. दुपारी चार वाजता मंडळाच्या माणसांनी फिल्टरपलीकडच्या नळाला बाटल्या लावल्या.

रसायन होतं. पहिल्यापेक्षा निम्मं, पण होतं. आठवड्याभरात विहिरीला कुलूप लागलं आणि टँकर सुरू झाले. तलावाच्या पाण्याची नळजोडणी वस्तीत पोचायला सात महिने लागले. कल्याण अधिकारींची दुसऱ्या शहरात बदली झाली. फुटलेल्या गोपनीय प्रतीचा खटला अजून चालू आहे. डॉक्टरांनी भिंतीवरचा नकाशा स्वतःच्या हातानं काढला. माईंना बडतर्फ केलं.

नंतर कधीतरी डेअरीच्या कामानं निरीक्षकबाई त्या बाजूला गेल्या, तेव्हा शिंपिणीच्या दारात थांबल्या. तिच्या दुधाची तिसरी तपासणी झाली होती. आकडा थोडा उतरला होता, पुष्कळ बाकी होता, वर्षं लागणार होती. तरीही ती पाजत होती.

"माई येतात का इकडे?"

"रोज येतात की," शिंपीण म्हणाली. "नोकरी गेली तेव्हापासून. ज्यांनी पाजायचं सोडलं होतं, त्यांचं दूध परत आणायला बसतात. दिवसातून आठ-आठ वेळा बाळाला लावतात, चोळतात, शेकतात, ओरडतातसुद्धा. आधी दोघींनी घरात घेतलं नाही त्यांना."

"मग? आलं कुणाचं परत?"

"चौघींचं आलं." तिनं दोरा दातानं तोडला. "पाचवीचं येत नाहीये. तिच्याकडेच गेल्यात आत्ता."

बाईंनी खांद्यावरची पिशवी सारखी केली, घर कुठलं ते विचारून घेतलं आणि त्या दिशेनं चालू लागल्या.